दोन बोटं जास्त

कापायचं टेबल यापुढे कुणाचं, हे ठरवायला रविवारची दुपार नेमली होती. जिचं ते टेबल होतं तिला सोडून घरातल्या सगळ्यांना ही गोष्ट शुक्रवारीच माहीत होती. थोरलीला ती कळली शनिवारी, धाकट्या जावेच्या तोंडून, जिन्यावर, आणि तीही "ताई, मी सांगितलं असं म्हणू नका" या प्रस्तावनेसकट. या घरात बातमी जिन्यावर फुटायची आणि भांडण खाली कारखान्यात व्हायचं, कारण वर स्वयंपाकघरात सासूबाई कुणाला आवाज चढवू द्यायच्या नाहीत.

थोरलीने आदळआपट केली नाही. तिने दोन फोन केले आणि निवांत झोपली.

मंगळवारवाल्या तिघींचा एक करार होता. दर मंगळवारी इस्पितळाच्या एका लांबट खोलीत, खिडकीला लागून असलेल्या खुर्च्यांवर हाताला नळी लावून घेऊन बसता बसता तो ठरला होता: ज्या दिवसाची भीती वाटते, त्या दिवशी एकटीने जायचं नाही. मग तो स्कॅनच्या निकालाचा दिवस असो, विग पसंत करायचा असो की सासरच्या माणसांसमोर बसायचं असो. ड्रायव्हरबाईच्या निकालाला बाकीच्या दोघी गेल्या होत्या. हेडबाईंनी मृत्युपत्र केलं तेव्हाही दोघी सोबत होत्या, आणि वकिलाच्या खोलीत तिघींना इतकं हसू फुटलं की त्याने दार लावून घेतलं.

म्हणून रविवारी कारखान्याच्या दारात थोरली उभी राहिली तेव्हा तिच्या डाव्या बाजूला ड्रायव्हरबाई होती आणि उजव्या बाजूला हेडबाई. ड्रायव्हरबाई शहराची मोठी बस चालवायची. औषधांनी तिचे केस गेले होते आणि ती डोक्याला काही बांधत नसे. "टक्कल माझं, लाज लोकांना का?" असं तिचं सरळ म्हणणं होतं. हेडबाई एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांचा कर्करोग हाडांत उतरलेला होता आणि जाणार नव्हता. त्या त्याला भाडेकरू म्हणायच्या. निघत नाही, भांडतो, पण घर अजून माझ्याच नावावर आहे, असं वर ऐकवायच्या.

"या कोण?" धाकट्या दिराने विचारलं.

"माझ्याकडच्या," थोरली म्हणाली आणि आत शिरली.

तंबूंचा कारखाना म्हणजे घराचा सगळा तळमजला. नव्या कॅनव्हासचा आणि मेणाचा वास, भिंतीला टेकवलेले तंबूचे खांब, एका कडेला धाकटीचं जाड शिवणीचं मशीन, आणि मधोमध ते टेबल, चार माणसं ऐसपैस झोपतील एवढं. लग्न होऊन आली तेव्हा थोरली त्या टेबलाला बिचकायची. सासऱ्यांनी तिला तिथे उभं केलं, हातात खडू दिला, मग ती अजस्र कात्री दिली, आणि आपला एकुलता एक नियम सांगितला: खूण करेल त्यानेच कापायचं. कापड बिघडलं तर दोष दुसऱ्याच्या माथी मारता येऊ नये. सासरे गेल्यावर टेबल तिच्याकडे आलं. सध्या हातात असलेल्या जादूगाराच्या तंबूची गोल कनात, म्हणजे भिंत, तीही तिनेच कापली, ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात.

आणि मग उजवीकडचा स्तन गेला, काखेतल्या गाठी गेल्या, आणि हात सुजायला लागला. आता त्या हातावर बोटांपासून दंडापर्यंत घट्ट बाही चढवलेली असे. वजन उचलायचं नाही, जोर करायचा नाही. कात्री उचलता येईना म्हणजे नियमाने खडूही सुटला. टेबल गेलं तर आपण या घरात नुसत्या आजारी बाई उरू, ही तिची खरी भीती होती, आणि तिच्यापुढे औषधांची भीती काहीच नव्हती.

सासूबाई मशीनशेजारच्या उंच खुर्चीवर बसल्या होत्या. नणंद दारापाशी उभी होती. ती औषधांच्या दुकानात काम करायची आणि घरात तिला सगळे चिमणी म्हणायचे, कारण बोलायला लागली की थांबत नसे. थोरलीचा नवरा कोपऱ्यात दोरीच्या गाठी मारत बसला होता. त्याच्या मनात काही खुपत असलं की कारखान्यातल्या गाठी वाढायच्या. आज त्याच्या पायाशी गाठींचा ढीग होता.

"वहिनी, तुझ्याच भल्याचं सांगतोय," दिराने सुरुवात केली.

थोरली टेबलाच्या कडेला टेकली. या वाक्याने सुरू झालेलं काहीही आजवर तिच्या भल्यापाशी पोचलेलं नव्हतं. ती या घरात आली तेव्हा हा शाळेत जायचा आणि ती त्याचा डबा भरायची. म्हणून तो तिला अगंतुगं करायचा आणि ती त्याला अजून छोटू म्हणायची. आता छोटूच्या कल्ल्यांत पांढरे केस होते.

"हे तंबूचं काम आता कुणाला हवंय? तयार प्लास्टिकची आच्छादनं आणायची, विकायची. ना कापायचं, ना शिवायचं. एवढी जादूगाराची ऑर्डर पुरी झाली की टेबल काढून टाकू, तिथे मांडण्या लावू. तू आराम कर."

"मला वाटलं टेबल तुला हवंय," थोरली म्हणाली. "तुला तर ते नकोच आहे."

"वहिनी, तो म्हणतो त्यात चूक नाहीये," चिमणीने तोंड घातलं. "तुझा हात बघ जरा. कधी थकवा, कधी ताप. मी रोज बघते गं अशी माणसं. हट्टाने उभी राहतात आणि मग अंगाशी येतं. तुझ्यावर माया आहे म्हणून सांगते, बस झालं आता."

"माया आहे हे दिसतंय," हेडबाई शांतपणे म्हणाल्या. "पण पेशंटला विचारलं का कुणी?"

"तुम्ही मध्ये पडू नका," दीर म्हणाला. "हा घरातला मामला आहे."

"आम्ही मध्ये नाही, कडेला उभ्या आहोत," ड्रायव्हरबाई म्हणाली. "तुमचं चालू द्या."

सासूबाईंनी घसा साफ केला. 

"थोरले, मला सांग," त्या म्हणाल्या, "कात्री उचलता येते का तुला?"

"नाही."

"मग धाकटा म्हणतो ते मला पटतं. वाईट वाटतं, पण पटतं. ह्यांनी नियम घालून दिलाय. तो मोडून चालायचं नाही."

थोरलीला हे लागलं. दिराकडून तिने दुसऱ्या कशाची अपेक्षाच धरली नव्हती, चिमणीचं प्रेम असंच गळा आवळणारं असायचं. पण सासूबाईंनी तरी बाजू घ्यावी असं तिला वाटत होतं. तिने जमिनीकडे पाहिलं. तिथे जादूगाराच्या तंबूचं छत पसरलं होतं, शेंड्याकडे निमुळत्या होत जाणाऱ्या लाल आणि पांढऱ्या कळ्यांचं, घेरदार झग्यासारखं. एक लाल, एक पांढरी, पुन्हा लाल. दिराने कापलेलं, धाकटीने शिवलेलं. शिवण सरळसोट होती. धाकटीचा हात चांगलाच होता, फक्त तिला ते कुणी कधी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात कोपऱ्यातून नवऱ्याचा आवाज आला. तो इतका क्वचित बोलायचा की सगळ्यांनी वळून पाहिलं.

"छत कनातीवर बसत नाहीये."

"दादा," दीर म्हणाला.

"काल लावून बघितलं आम्ही. छत मोठं झालंय. खूपच. लावलं तर ढगळ लोंबेल, पाऊस आला तर पोटात पाणी साठेल." त्याने हातातली गाठ सोडली. "उद्या जादूगार न्यायला येतोय. हे आधी सांग की, मग टेबलाचं बोल."

दिराचा चेहरा पडला. "मी सांगणारच होतो."

"कधी?" धाकटी मशीनवरून म्हणाली. "मी कालपासून विचारतेय तुम्हाला." नवऱ्याला चारचौघांत असं विचारण्याची तिची ही पहिलीच वेळ असावी, कारण विचारून झाल्यावर तीच दचकली.

"आता करायचं काय?" दीर म्हणाला. "प्रत्येक शिवण उसवायची, प्रत्येक कळी अरुंद करायची, परत शिवायची? आठवडा जाईल. आणि उसवल्यावर सुईची भोकं राहतात, ती गळतात. या रंगाचं कापड संपलंय. म्हणून म्हणतो, ही ऑर्डर गेली समजा आणि हा धंदाच आवरा."

म्हणजे हे असं होतं. दुखणं छताचं होतं आणि मलमपट्टी टेबलाची चालली होती. थोरलीला राग यायला हवा होता, पण तिचं लक्ष केव्हाच कापडावर गेलं होतं. ती गुडघे टेकून जमिनीवर बसली. चिमणीने "अगं वहिनी" म्हणून हात पुढे केला, तो तिने पाहिलाच नाही. तिने छताची कड शेजारी पसरलेल्या कनातीच्या कडेला लावली आणि चाचपत पुढे सरकली. पहिल्या कळीला थोडं जास्त. दुसरीलाही तेवढंच. तिसरीलाही. आंधळी चूक अशी नसते. ही एकसारखी होती, मन लावून केलेली.

तिने वर पाहिलं. टेबलावर एक चकचकीत स्टीलची टेप पडली होती.

"ही कधी आणलीस?"

"तू इस्पितळात होतीस तेव्हा. बाबांची काठी किती दिवस वापरणार?"

"बरं केलंस. आणि माप घेताना दोन बोटं धरलीस का रे, छोटू?"

 दिराने आपल्या उजव्या हाताच्या दोन बोटांकडे पाहिलं, जणू ती परक्या माणसाची होती.

घरच्यांना लगेच कळलं. पाहुण्यांना सांगावं लागलं. सासऱ्यांच्या मोजायच्या काठीचं टोक फार पूर्वी मशीनच्या चाकात सापडून तुटलं होतं. नवीन काठी आणतील तर ते सासरे कसले. त्यांनी फर्मान काढलं की दर मापाला दोन बोटं जास्त धरायची. तेव्हापासून या घरातली पोरं चालायच्या आधी दोन बोटं धरायला शिकत होती. दिराने काठी बदलली, पण बोटं काही त्याला बदलता आली नाहीत. टेपचं माप अगदी बरोबर होतं आणि त्याच्यापुढे इमानेइतबारे दोन बोटं लागली होती, चोवीस कळ्यांना, चोवीस वेळा.

थोरली हसायला लागली. कुत्सित नाही, अगदी पोटातून. "मीसुद्धा हेच केलं असतं," ती म्हणाली. "शपथेवर सांगते. हेच केलं असतं."

ते ऐकून दिराच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं. तो खाली तिच्याजवळ येऊन बसला.

"दोन दोन बोटं, चोवीस वेळा," हेडबाई पुटपुटल्या. त्यांना हिशेब अर्धवट सोडवत नसे.

"कापडाचा एक पन्हा," थोरली म्हणाली. आणि म्हणता म्हणता थांबली.

ती उठली, छताच्या मध्यावर गेली, परत कडेला आली. तिने सावकाश कळ्यांवरून नजर फिरवली. प्रत्येक कळी एका पन्ह्याची, ठाणाच्या पुऱ्या रुंदीची. जास्त झालेलं सगळं मिळूनही एका पन्ह्याचं. म्हणजे चोवीसच्या चोवीस सुधारायची काही गरजच नव्हती.

"एक कळी काढायची," ती म्हणाली. "एकच. अख्खी. बाकीच्यांना हात लावायचा नाही."

 तिला स्वतःचेच शब्द ऐकू आले आणि ते कुठे ऐकले होते तेही आठवलं. सर्जन असंच म्हणाली होती, खिडकीपाशी उभी राहून, आणि तिच्यावर विश्वास ठेवायला थोरलीने पुष्कळ दिवस घेतले होते. आज ते स्वतः म्हणताना तिला काहीच जड गेलं नाही. उलट तिला बरं वाटलं, खूप दिवसांनी, अगदी आतून.

"काढा की मग," ड्रायव्हरबाई म्हणाली. "एक काढल्याने काही पडत नाही. आम्ही उभ्याच आहोत ना."

चिमणी तोंडावर हात ठेवून रडायला लागली, आणि रडता रडता हसायला. हेडबाईंनी तिला आपला रुमाल दिला.

"पण लाल-पांढरं बिघडेल," दीर म्हणाला. आता तो भांडत नव्हता, कामात शिरला होता. "पांढरी काढली तर दोन लाल शेजारी येतील."

"तिथे दार करू. पोरांना लांबून कळेल कुठून आत जायचं ते."

"आणि कापताना चुकलं तर? दुसरं कापड नाहीये, वहिनी."

"म्हणूनच चुकायचं नाही."

थोरलीने टेबलावरचा खडू उचलला. उजव्याच हाताने. बाहीतली बोटं सुजलेली होती, पण खडूला असं वजन ते कितीसं असणार. तिने एक पांढरी कळी निवडली, शिवणीपासून आत दोन बोटं टेकवली आणि खालच्या कडेपासून शेंड्यापर्यंत रेघ ओढत नेली. पांढऱ्यावर निळी. मग दुसऱ्या बाजूने दुसरी. "ही दोन बोटं मात्र धरायची," ती म्हणाली. "यांच्यावर नवी शिवण बसेल."

रेघ कुठे थरथरली नाही. नवरा गाठी सोडून उभा राहिला होता.

आता कात्री. ती टेबलावर पडली होती, काळी, लांब. दिराने हात पुढे नेला आणि मागे घेतला.

"मी नाही कापणार. माझा हात आज बरोबर नाही. आणि खूण माझी नाही, नियम..."

"माझी खूण नाही, पण शिवण माझी आहे," धाकटी म्हणाली. ती मशीनवरून उठून आली होती. तिने कात्री उचलली, दोन्ही हातांनी. "ताई, मी कापते. तुम्ही सांगाल तिथून."

"तुला कात्री कुणी शिकवली?" दिराने विचारलं.

"कुणी नाही. इतकी वर्षं समोर बसून बघतेय ना."

सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या खुर्चीवरून उतरल्या, छतापाशी आल्या आणि वाकून खडूच्या रेघेकडे पाहत राहिल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"ह्यांनी नियम का केला ठाऊक आहे?" त्या म्हणाल्या. "हे आणि ह्यांचा भाऊ आपापसांत भांडायचे म्हणून. खूण एकाची, कापणारा दुसरा, आणि कापड बिघडलं की हा म्हणायचा त्याने केलं, तो म्हणायचा ह्याने." त्यांनी थोरलीकडे पाहिलं. "कापड बिघडलं तर दोष कुणाचा?"

"माझा," थोरली म्हणाली.

"माझा," धाकटीही म्हणाली, त्याच क्षणी.

"दोघीही घ्यायला तयार आहेत," सासूबाई म्हणाल्या. "मग नियमाला इथे काय काम उरलं? काप गं."

धाकटीने कात्री लावली. कॅनव्हास कापला जातानाचा तो करकर आवाज थोरलीने ऑपरेशनपासून ऐकला नव्हता. ती रेघेच्या बाजूने, धाकटीच्या पुढे पुढे, गुडघ्यांवर सरकत राहिली. "सावकाश. पातं टेकव, उचलू नको. हं. असंच." दिराने कापड ताणून धरलं. ड्रायव्हरबाईने दुसरं टोक धरलं आणि ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही काय बघताय, दोऱ्यांच्या कड्या ठोकायची तयारी करा." पांढरी कळी सुटून बाजूला आली तेव्हा धाकटीच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर काय होतं ते लपवायचं तिला सुचलं नाही.

संध्याकाळ व्हायच्या आत शिवण पुरी झाली.

सोमवारी जादूगार आला. बारीक चणीचा, गंभीर चेहऱ्याचा माणूस, हसवणं हा ज्याचा पोटाचा धंदा असतो तसा. मागच्या मोकळ्या जागेत खांब उभा केला, छत वर ओढलं, दिराने आणि नवऱ्याने दोऱ्या ताणल्या. कापड आधी फडफडलं, मग एकदम ताठ झालं. कनात छताला जागच्या जागी बसली. जादूगार दोन लाल कळ्यांखाली उभा राहिला, आत गेला, बाहेर आला.

"दाराची ही युक्ती कुणाची?"

"वहिनीची," दीर म्हणाला. मग जरा थांबला. "टेबल तिचं आहे." हे त्याने सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. मांडण्यांचा विषय त्या दिवसापासून कुणी काढला नाही.

थोरली एकटीच तंबूत जाऊन उभी राहिली. वर ऊन लाल-पांढरं होऊन पसरलं होतं. एक कळी कमी होती आणि ती कुठली ते तिला माहीत होतं, पण खालून पाहणाऱ्याला ते शोधून सापडलं नसतं. सगळ्या कळ्या एकमेकींना धरून होत्या. आपला आजार अजून संपलेला नाही, पुढे काय होईल ते कुणी लिहून दिलेलं नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं. तरी तिला आनंद झाला होता, आणि तिने तो कुणाला न विचारता होऊ दिला.

उरली ती कापलेली पांढरी कळी. सासूबाईंनी ती घडी करून ठेवली होती. टाकायची की ठेवायची असा वाद जेवताना निघाला, तेव्हा थोरलीने सांगितलं की ती आधीच दिलेली आहे.

मंगळवारी इस्पितळाच्या त्या लांबट खोलीत नेहमीसारखं ऊन आलं. खिडकीच्या खुर्च्यांवर ते थेट तोंडावर यायचं, आणि हेडबाई एवढे दिवस डोळ्यांवर वर्तमानपत्र धरून बसायच्या. खिडकीवर कापड लावायला परवानगी कुणाची घ्यायची ते हेडबाईंना बरोबर ठाऊक होतं, ती त्यांनी सकाळीच आणली होती. खिडकीबाहेर शिडी लागली होती. शिडीवर दीर होता, शिडी धरून नवरा, आणि खाली उभी राहून धाकटी पांढरा कॅनव्हास वर पोचवत होती. चिमणी खुर्च्यांमधून फिरत कुणाला पाणी हवं का विचारत होती आणि उत्तराची वाट बघत नव्हती.

कापड ताणलं गेलं. ऊन खिडकीच्या चौकटीपाशी थांबलं. हेडबाईंनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि डोळे पूर्ण उघडून समोर पाहिलं. पलीकडच्या रांगेत एक नवीन बाई पहिल्यांदाच आली होती, पर्स घट्ट धरून बसली होती. तिने विचारलं, "हे कुणी केलं?"

ड्रायव्हरबाईने हनुवटीने थोरलीकडे दाखवलं. "तिने. तंबूवाल्या आहेत. तुमची पुढची तारीख कधी? एकटीने यायचं नाही हां."

थोरलीच्या डाव्या हाताला नळी होती आणि उजव्या हाताच्या बोटांवर अजून निळा खडू. ती मान मागे टेकून सावलीत बसली होती.

शिडीवरून दिराने खिडकीत डोकं घातलं. तोंडात दोन खिळे, हातात स्टीलची टेप, आणि चेहरा शाळेला उशीर झालेल्या छोटूचा.

"वहिनी," तो खिळ्यांमधून म्हणाला, "खालची जास्तीची कड कापायचीय. दोन बोटं धरू का नको?"

सगळी रांग हसली. नवीन बाईदेखील हसली, आणि हसता हसता तिच्या हातातली पर्स सैल झाली.

"नको धरू," थोरली म्हणाली. "थांब. इथली बाटली संपू दे, मी येते खूण करायला."